आमचा रविवारचा सिनेमा मुलांना का आवडत नाही?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई चाळिशीतल्या आहेत. लहानपणी त्यांचे बाबा दर रविवारी त्यांना आणि मोठ्या भावाला सिनेमाला घेऊन जायचे. डोक्यावरून जाणारा प्रकाशाचा झोत, त्यात तरंगणारी धूळ, पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर उमटणारा गोल ठिपका आणि तो दाखवून 'बघ, आता रीळ बदलणार' असं बाबांनी कानात सांगणं, हे त्यांना अजून लख्ख आठवतं. तेच सुख आपल्या मुलांना मिळावं म्हणून गेलं वर्षभर त्या अकरा वर्षांच्या मुलाला आणि सात वर्षांच्या मुलीला दर रविवारी थिएटरात नेतात. मुलगा कंटाळून फोन काढतो, मुलगी मोठ्या आवाजाला घाबरून कान झाकते. 'मी सिनेमाभर त्यांचेच चेहरे बघत बसते,' असं ताई लिहितात. नवरा म्हणतो, कशाला जबरदस्ती करतेस? त्यातच परवा भाऊ म्हणाला, 'दर रविवारी कुठे? वर्षातून पाच-सहा वेळा गेलो असू. आणि तू एकदा इतकी रडलीस की अर्ध्यातून उठून यावं लागलं.' कोपऱ्यातला ठिपका मात्र त्यालाही आठवतो. रडल्याचं ताईंना काहीच आठवत नाही. त्या विचारतात, माझी आठवण खोटी आहे का? आणि माझी मुलं एवढ्या मोठ्या आनंदाला मुकणार का?

ताई,

'मी सिनेमाभर त्यांचेच चेहरे बघत बसते.' तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याकडे मी येणारच आहे. पण भावाचं बोलणं तुम्हाला जास्त लागलेलं दिसतंय, म्हणून आधी त्याबद्दल.

तुमची आठवण खोटी नाही, आणि भाऊही काही उगाच बोलत नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली की लहान मुलाच्या मनात तिचे सगळे प्रसंग सुटे सुटे राहत नाहीत. त्यांचा मिळून एक ठरलेला क्रम तयार होतो: तयार व्हायचं, बाबांचं बोट धरून निघायचं, रांगेत उभं राहायचं, मग अंधार. कॅथरिन नेल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० नंतरच्या काळात लहान मुलांशी बोलून हे दाखवून दिलं. नेहमीच्या गोष्टीबद्दल विचारलं की तीन-चार वर्षांची मुलं 'त्या दिवशी असं झालं' असं सांगत नाहीत, 'आधी हे असतं, मग ते असतं' असं सांगतात. अशा आठवणीत गाभा पक्का राहतो, मोजदाद राहत नाही. तुमचं 'दर रविवारी' तिथून आलेलं असणार. भावानेही त्या वेळी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. तो मोठा होता, म्हणून त्याला काही सिनेमे वेगवेगळे आठवतात आणि जेवढे वेगळे आठवतात तेवढेच तो मोजतो. खरा आकडा दोघांच्या मधे कुठेतरी असेल. तो आता कुणाला सापडणार नाही, आणि तो न सापडल्याने तुमचं काही अडलं आहे असंही मला वाटत नाही.

आठवताना आपण साठवलेलं जसंच्या तसं बाहेर काढत नसतो, दर वेळी ते नव्याने जुळवत असतो, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं. त्या जुळवणीत आजचं वय आणि आजची ओढ मिसळते. भावंडांत तर वाद ठरलेलेच. २००१ मध्ये न्यूझीलंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी जुळ्यांच्या आठवणी तपासल्या, तेव्हा एकच प्रसंग 'तो माझ्याच बाबतीत घडला' असं दोघंही छातीठोकपणे सांगताहेत, अशा जोड्या त्यांना सापडल्या. तुमच्या घरात वाद फक्त संख्येचा आणि एका रडण्याचा आहे.

त्या रडण्याचं म्हणाल तर मोठेपणी बहुतेकांची सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते, आणि त्यानंतर सहा-सात वर्षांपर्यंतचंही थोडंच उरतं. तुम्हाला आठवत नाही म्हणून ते घडलंच नाही असं म्हणता येणार नाही. भावाचा सिनेमा अर्ध्यात तुटला होता, त्याला आठवणारच! मला मात्र तुमच्या पत्रातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट हीच वाटते. जी मुलगी रडत बाहेर आली, तिलाच आज त्या अंधाराची इतकी ओढ आहे. मग सातव्या वर्षी कान झाकणाऱ्या लेकीबद्दल आत्ताच काय ठरवायचं?

आता तो ठिपका.

पूर्वी सिनेमा ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर यायचा आणि तो एका रिळात मावत नसे. दोन हजार फुटांचं एक रीळ वीसेक मिनिटं चाले. म्हणून वरच्या खोलीत दोन प्रोजेक्टर ठेवायचे आणि एकावरचं रीळ संपत आलं की दुसऱ्यावर जायचं, अशी पद्धत होती. ऑपरेटरला नेमकी वेळ कळावी म्हणून प्रत्येक रिळाच्या शेवटाकडे पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात दोनदा खूण उमटत असे. पहिली दिसली की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. सातएक सेकंदांनी दुसरी दिसली की चित्र त्याच्यावर घ्यायचं. खूण असायची चार चौकटींवर, आणि फिल्म धावायची सेकंदाला चोवीस चौकटी. म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागापुरता तो ठिपका! थिएटरात बसलेल्या बहुतेकांच्या तो कधी लक्षातही येत नसे.

तुमच्या बाबांना तो दिसायचा. म्हणजे ते डोळ्यात तेल घालून पडद्याकडे बघत असले पाहिजेत. ही खूण कशासाठी असते हे त्यांनी कुणाला तरी विचारलं असणार. मुलांना मजा येतेय ना, हे तपासत बसलेल्या माणसाला सेकंदाच्या सहाव्या भागाचा ठिपका दिसत नाही. बाबा स्वतः सिनेमा बघायला आले होते आणि तुम्ही दोघं त्यांच्याबरोबर होतात. तुमच्या आठवणीचं बळ मला इथे दिसतं. घरात मोठी माणसं बहुतेक वेळ मुलांसाठी काहीतरी करत असतात किंवा मुलांना काहीतरी करायला सांगत असतात. त्या अंधारात मात्र तुम्हाला आपले बाबा एका गोष्टीत पूर्ण रमलेले दिसले, आणि त्या रमण्यातलं एक गुपित त्यांनी तुमच्या कानात सांगितलं. तुम्हा भावंडांचं बाकी कशावर एकमत नाही, ठिपक्यावर आहे, याचं मला नवल वाटत नाही.

आता तुमचे रविवार बघा. मुलगा फोनमध्ये, मुलगी कानावर हात ठेवून मान खाली घातलेली, आणि तुम्ही त्या दोघांकडे बघताय. पडद्याकडे बघणारं तुमच्यात कुणीच नाही. इथे आपल्याला आनंद व्हायलाच हवा, आईने त्यासाठीच आणलंय, आणि तो होत नाहीये, हे मुलांना न सांगता कळतं. त्याचा ताण येतो. अकरा वर्षांचा मुलगा तो ताण टाळायला फोनमध्ये तोंड खुपसत असेल, तर मी त्याला फार दोष देणार नाही.

हे बोलणं कठोर वाटलं तर समजून घ्या. तुमची माया पत्राच्या प्रत्येक ओळीत आहे. पण आठवण ठरवून हातात ठेवता येत नाही. आज मी मुलांना एक सुंदर आठवण देणार असं मनाशी म्हणून निघालं की त्या दिवसाची परीक्षा होते, आणि परीक्षेत मुलांना काय आठवतं हे आपण सगळे जाणतो.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत धरलेली गोष्ट आहे. मोठा पडदा आणि अंधार असला की नवल आपोआप वाटेल, असं तुम्हाला वाटतं. तुमच्या लहानपणी हवा तो सिनेमा हव्या त्या वेळी बघायची सोय नव्हती. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जावं लागे, आणि हुकला तर हुकला. तुमच्या मुलाला हलतं चित्र दिवसभर दिसतं. त्याला नवल वाटत नाही यात त्याची किंवा तुमची काही कमतरता नाही. मग थिएटरात आज असं काय उरतं जे घरी मिळत नाही? माझ्या मते दोन गोष्टी. एक म्हणजे तिथे थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही, जे चाललंय त्याच्याबरोबर राहावं लागतं. दुसरी म्हणजे अनोळखी माणसांबरोबर एकाच वेळी हसणं. हसण्याचा अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोवाइन यांना आढळलं होतं की माणसं एकटी असताना हसतात त्याच्या जवळजवळ तीसपट चारचौघांत हसतात. म्हणून मुलांना न्यायचंच असेल तर विनोदी सिनेमा निवडा आणि भरलेल्या खेळाला जा. रिकाम्या थिएटरातला सकाळचा खेळ सोयीचा असतो, पण तिथे घरच्यापेक्षा वेगळं फारसं काही घडत नाही.

मी तुमच्या जागी असते तर 'दर रविवारी' हा नेम आधी मोडला असता. तुमच्या नवऱ्याचं जबरदस्तीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, त्यांना तसं सांगूनही टाका. पण त्यावरून सगळंच सोडून द्यावं, हे मला पटत नाही. दर आठवड्याला गेल्याने आठवण दाट होत नाही. वर पाहिलं तसं, एकसारखे प्रसंग एकमेकांत मिसळून जातात. अधूनमधून, काही निमित्ताने, थोडं वेगळं काही घडलेला सिनेमा जास्त टिकतो.

मग जा ते तुम्हाला बघायचा असलेला सिनेमा बघायला. या सल्ल्यावर मी अडून बसणार आहे. गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतःसाठी म्हणून एकही सिनेमा पाहिला, असा उल्लेख पत्रात नाही. एकट्या जा, नवऱ्याबरोबर जा, मैत्रिणीबरोबर जा. मुलांना बरोबर घेण्यासारखा असेल तर विचारा, आणि 'नको' म्हणाली तर तोंड न पाडता निघा. परत आल्यावर जेवताना नवऱ्याला सांगा काय पाहिलं, कुठे रडू आलं, कुठे दिग्दर्शकाने गडबड केली. मुलं ऐकत असतील. ऐकत नसतील तरी तुमचा दिवस चांगला गेलेला असेल.

मुलाला निवड करू द्या. त्याने निवडलेला सिनेमा तुम्हाला रटाळ वाटेल, तरी एकदा त्याच्या आवडीच्या बाजूने बसून बघा. फोनबद्दल घरून निघण्याआधीच ठरवा: दिवे गेले की फोन पिशवीत, कारण त्याचा उजेड मागच्या माणसाच्या डोळ्यात जातो. मात्र अगदीच कंटाळा आला तर उठून जायची मुभा द्या, तुम्ही किंवा नवरा कुणीतरी त्याच्याबरोबर बाहेर जाल. सुटायची वाट मोकळी आहे हे कळलं की बसणं सोपं होतं. आणि त्याला कशाचं कुतूहल आहे ते शोधा. रिळावरचा ठिपका तुम्ही त्याला दाखवू शकणार नाही. २००५ मध्ये हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी डिजिटल प्रक्षेपणाची मानकं ठरवली, आणि पुढच्या दहाएक वर्षांत जगातल्या बहुतेक थिएटरांतून रीळ गेलं. पण श्रेयनामावलीत 'फोली आर्टिस्ट' म्हणून नावं येतात, ती त्याला दाखवा. पावलांचा आवाज, कपड्यांची सळसळ, दाराची कडी हे आवाज ही माणसं नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत, हातापायांनी काढतात. हे काम ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते जॅक फोली बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातले. हे कळल्यावर पुढच्या सिनेमात पावलं ऐकल्याशिवाय राहवत नाही. अर्थात तुम्हाला स्वतःला यात गंमत वाटली तरच सांगा. उसनं कुतूहल मुलं लगेच ओळखतात.

लेकीचं थोडं जपून करायला हवं. मुलं पडद्यावर कशाला घाबरतात याचा जोअ‍ॅन कँटर या संशोधक बाईंनी बरीच वर्षं अभ्यास केला. लहान मुलांना जे दिसायला भयंकर ते भयंकर वाटतं, आणि 'हे खरं नाही गं' या समजावणीचा त्यांना फारसा उपयोग होत नाही. त्यांना जवळ घेणं, डोळे झाकू देणं, तिथून उठणं याने बरं वाटतं. सात-आठ वर्षांपुढे समजावणं हळूहळू लागू पडायला लागतं. तुमची मुलगी नेमकी त्या उंबरठ्यावर आहे, म्हणून दोन्ही करून बघा. गोष्ट घरीच सांगून ठेवा, भीतीची जागा कुठे येते तेही. शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची घ्या. लहान मुलांसाठी आवाज कमी करणारे कानावरचे मफ मिळतात, ते बरोबर ठेवा. आधीच्या जाहिराती आणि ट्रेलर बऱ्याचदा अंगावर येणारे असतात, तेवढा वेळ बाहेरच थांबा. 'बाहेर जाऊ या' यासाठी हाताची एक खूण ठरवा, आणि तिने ती केली की लगेच उठा, उसासा न टाकता. काही ठिकाणी आवाज कमी आणि दिवे मंद ठेवून खास खेळ लावतात. तुमच्या जवळच्या थिएटरात विचारून बघा.

घरी परतताना 'आवडला ना?' असं विचारू नका. त्याला 'हो' म्हणण्यापलीकडे मुलांना वावच नसतो. रॉबिन फिवश आणि इलेन रीस या मानसशास्त्रज्ञांचं काम याच विषयावर आहे. आईवडील घडलेल्या गोष्टीबद्दल मोकळे प्रश्न विचारतात, मुलाच्या उत्तरात भर घालतात, त्याने सांगितलेला धागा पुढे नेतात, तेव्हा मुलांच्या आठवणी जास्त तपशिलाच्या आणि भरीव होतात. 'तो मित्राशी खोटं का बोलला असेल?', 'तू असतीस तर परत गेली असतीस का?' असं काहीतरी विचारा. आणि मुलगा म्हणाला की शेवट बकवास होता, तर 'का?' म्हणून विचारा आणि वाद घाला. मनापासून घातलेला वाद बरीच वर्षं लक्षात राहतो.

तुमच्यासारखी ओढ पुष्कळांना असते, फक्त सिनेमाच्या जागी दुसरं काही असतं: पोहणं, वाचनालय, गाणं. त्यांनाही मी हेच विचारेन की ती गोष्ट तुम्ही आज स्वतः करता का? आपण सोडून दिलेली गोष्ट मुलांनी उचलावी अशी अपेक्षा असेल तर आधी आपणच ती पुन्हा सुरू केलेली बरी. आणि ज्यांना लहानपणी कुणी कुठेच नेलं नाही, ते हे वाचताना हळहळत असतील, तर त्यांचं काम माझ्या मते थोडं सोपं आहे. त्यांच्यापुढे जुळवून बघायला जुना रविवारच नाही.

राहता राहिले बाबा. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की त्यांना आता नीट ऐकू येत नाही म्हणून ते थिएटरात येत नाहीत. चित्राखाली संवाद लिहून येतात अशा खेळाची चौकशी करा. काही थिएटरांत कमी ऐकू येणाऱ्यांसाठी हेडफोनसारखं उपकरण मागून मिळतं, यंत्र कानात असेल तर त्याला जोडता येणारी सोयही असते. तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा, कारण तिथे गेल्यावर 'आज बंद आहे' असं ऐकायला लागलं तर ते पुन्हा यायला तयार होणार नाहीत. त्यांना नातवंडांच्या मधे बसवा आणि तुम्ही पडद्याकडे बघा.

त्याआधी एकदा त्यांच्याशी निवांत बोला. भावालाही बोलवा. 'आपण दर रविवारी जायचो की नाही?' असा निवाडा त्यांच्याकडून मागू नका, ते बिचारे दोघांचंही मन राखायला बघतील. त्यांना विचारा की ठिपक्याचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तुमचे बाबा तुम्हाला न्यायचे का? आम्ही बरोबर होतो म्हणून तुमचा कुठला सिनेमा बघायचा राहून गेला? फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. राहून गेलेल्या सिनेमाचं नाव त्यांनी सांगितलं, तर तो मिळवायचं काम तुमच्या मुलाला द्या. शोधून काढण्यात तो तुमच्या सगळ्यांपेक्षा तरबेज असेल.